ताई, तुम्ही माझा गुंता ओढला नाहीत

प्रिय ताई,

त्या दिवशी तुम्ही फक्त केस कापल्याचे पैसे घेतलेत. उरलेल्या दीड तासाचे किती, असं विचारलं तर म्हणालात, "त्याचे नकोत मॅडम. घरी करून बघा आणि जमलं का ते सांगा." मी तुमच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, पण गिरणीवरच्या त्या माडीवर येणारी प्रत्येक बाई तुम्हाला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताई, जमलं. सांगायला वर्ष लावलं, त्याची माफी असावी. विरळ होत चाललेल्या कुरळ्या केसांचा गुंता न तोडता कसा काढायचा, हे आमच्या शाळेतल्या चौघीजणी आणि एकीची कॉलेजात जाणारी लेक मला सारखं विचारतात. म्हणून पत्र तुम्हालाच लिहिते आहे, पण त्यांनाही वाचता यावं असं उघडं ठेवते आहे.

नोव्हेंबरात मला डेंग्यू झाला होता. त्यातून उठले, शाळेत जायला लागले, सगळं ठीक झालं असं वाटलं आणि संक्रांतीनंतर केस जायला लागले. मोरीच्या जाळीवर, उशीवर, पोळीच्या कणकेत. एरवी कधी डोक्यावरून पदर न घेणारी मी, त्या वर्षी हळदीकुंकवाला पदर घेऊन बसले, कारण भांगातली टाळू ट्यूबलाइटखाली चमकते हे मला आरशात दिसलं होतं. एका पार्लरमध्ये मला सांगितलं की केस सरळ करून घ्या, म्हणजे गुंता होणारच नाही. तुमच्याकडे मी तेच करून घ्यायला आले होते. पैसेही काढून आणले होते.

तुम्ही नाही म्हणालात. "विरळ केस सरळ केले की डोक्याला चिकटतात आणि टाळू जास्त दिसते. आत्ता तुमची कुरळी बटच टाळू झाकते आहे. आणि हे केस ती उष्णता, ते रसायन सोसणार नाहीत." हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारं माणूस मी बाजारात फार पाहिलेलं नाही.

मग तुम्ही विचारलंत, "निघालेले केस कुठे आहेत?" ते माझ्या पर्समध्ये होते. डॉक्टरांना दाखवायचे म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवले होते आणि दाखवायची लाज वाटत होती. तुम्ही पांढरा नॅपकिन पसरलात, त्यावर तो पुंजका मोकळा केलात आणि तांदूळ निवडावेत तसे केस निवडायला बसलात. एका बाजूला लांब केस, ज्यांच्या एका टोकाला खसखशीएवढा पांढरा ठिपका. दुसऱ्या बाजूला आखूड, तुटके, ठिपका नसलेले. दोन्ही ढीग जवळजवळ सारखे झाले. "हे ठिपक्याचे मुळातून आलेत, त्याला गळणं म्हणायचं. हे दुसरे मधूनच तुटलेत. गळणं डॉक्टर बघतील. तुटणं आपण थांबवू."

ताई, त्या एका वाक्याने माझं अर्धं ओझं उतरलं. तोवर माझ्यासाठी सगळे केस एकाच कारणाने जात होते आणि त्या कारणापुढे माझा काही इलाज नव्हता.

डॉक्टरांकडे तुम्हीच पिटाळलंत. त्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, फार खाली होता. मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली की बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात, हे त्यांनी समजावलं. नोव्हेंबर ते जानेवारी हा हिशेब तिथे जुळला. ते गळणं बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि माझंही थांबलं. पण वयानुसार भांग रुंद होणं हे वेगळं. त्यासाठी टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल नावाचं औषध दिलं आणि सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटेल हेही आधीच सांगून ठेवलं. ते सांगितलं नसतं तर मी पंधरा दिवसांत बाटली फेकून दिली असती.

आता तुमच्या खुर्चीकडे येते.

लहानपणी रविवारी न्हाणं झालं, केस वाळले की आई उंबऱ्यात बसायची. दोन गुडघ्यांत मला धरायची आणि बारीक दातांचा कंगवा डोक्यावर टेकवून एकदम खाली ओढायची. माझ्या डोळ्यांत पाणी, तिच्या हातात केसांचा गोळा. तिच्या आईने तिला तसंच विंचरलं होतं, त्यात तिचा काय दोष. पुढे शाळेसाठी दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी. तुम्ही माझ्या कानशिलावरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, "लहानपणी वेण्या फार ताणून घालायचे का?" सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या कानशिलावर तुम्हाला तिची शाळा दिसली. वर्षानुवर्षं ताण बसला की तिथलं मूळ थकतं आणि कधीकधी केस परत येतच नाहीत, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आई गेल्यावर तोच कंगवा मी माझ्या हाताने ओढत राहिले होते.

तुम्ही कंगवा हातातच घेतला नाहीत. आधी चिमट्यांनी केसांचे चार भाग केलेत. मग मागच्या एका भागावर फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारलंत, ओलाकिच्च होईपर्यंत. त्यावर कंडिशनर इतकं लावलंत की मी मनात किंमत मोजायला लागले. ओला केस कोरड्यापेक्षा नाजूक असतो, जास्त ताणला जातो आणि तुटतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी घाबरून विचारलं. तुम्ही म्हणालात, "नुसता ओला नको, निसरडा हवा. कुरळा केस कोरडा विंचरला तर वळणावळणाला अडकतो. प्रत्येक वळण हा त्याचा कच्चा भाग." आपल्या डोक्याचं तेल सरळ केसावरून खाली उतरतं, कुरळ्या केसाच्या वळणांवरून ते टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कायम तहानलेली. इतकी वर्षं मी टाळूला तेल चोपडत होते आणि टोकांना विसरत होते.

मग तुमची बोटं. गुंत्याच्या वर केसांची बट डाव्या मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळापर्यंत जातच नाही. उजव्या हाताने अगदी टोकाकडून सुरुवात, दोन बोटं रुंदीचा भाग मोकळा झाला की वर सरकायचं. गाठ आली की खाली खेचायची नाही, लोकरीचा गुंता सोडवतो तशी बाजूंनी सैल करत न्यायची. आधीच गळून आत अडकलेले केस त्यातून अलगद निघतात आणि बोटांना गुंडाळून येतात. मी दचकले, तेव्हा म्हणालात, "हे आधीच सुटलेले होते मॅडम, मी तोडले नाहीत." माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस तसेही गळतात. कुरळ्या केसांत ते खाली पडत नाहीत, अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी चार दिवसांचे एकदम दिसतात. हे कळल्यापासून मी मोरीची जाळी बघून रडले नाही.

बोटांनी मोकळं झाल्यावरच तुम्ही रुंद दातांचा कंगवा फिरवलात, एकदाच. तो भाग सैल पीळ देऊन चिमट्याने वर लावलात, मग दुसरा भाग. पाऊण तास लागला आणि एकदाही माझी मान मागे खेचली गेली नाही. सत्तेचाळीस वर्षांत केस विंचरताना दुखलं नाही असं ते पहिल्यांदा झालं. मी डोळे मिटून बसले होते. मला झोप लागली असं तुम्हाला वाटलं असेल. झोप नव्हती ती.

पाण्याचं मात्र मी तुमच्याशी भांडले होते. आपण लातूरची माणसं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा घागरी मोजून दिवस काढलेत. कंडिशनर धुवायला दोन बादल्या लागतात, ही चैन आपल्याला कशी परवडायची, असं मी म्हणाले. तुम्ही हिशेब करून दाखवलात: गुंता फवाऱ्याच्या अर्ध्या बाटलीत निघतो, शाम्पू फक्त टाळूला लावायचा, धुवायला एक बादली. आणि बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही तसाच त्यातल्या क्षारांचा थर केसांवर बसून ते चरबरीत लागतात, म्हणून शेवटचे दोन तांबे क्षार काढलेल्या, म्हणजे आरओच्या, पिण्याच्या पाण्याचे. तेवढे मी आता आधीच बाजूला भरून ठेवते.

न्हाण्याआधी तासभर लांबीला आणि टोकांना खोबरेल लावायचं, हे तुमचंच. माझ्या लेकीने शोधून काढलं की २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती आणि केसातलं प्रथिन कमी झिजू देणारं तेल खोबरेलच ठरलं, कारण ते केसाच्या आत शिरतं. लेक एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, आजीचं एवढं तरी बरोबर होतं. जोरजोरात चोळून मालीश मात्र मी सोडली. रगडण्यानेच निम्मा गुंता व्हायचा.

आणि जवस! आपल्या घरात जवस म्हणजे चटणी. तुम्ही केसांना लावायला दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळायला सांगितलं, चिरलेल्या भेंडीसारखी तार सुटेपर्यंत. मी पहिल्या खेपेला गार करून गाळायला गेले आणि सगळं फडक्यातच अडकलं. गरम असतानाच गाळायचं, हे तिथे शिकले. बाटली फ्रीजमध्ये आठवडाभर राहते, वास बदलला की टाकून द्यायची. विरळ केसांना जड क्रीम लावलं की बटा लोंबतात आणि टाळू उघडी पडते. हे मात्र पाण्याइतकं हलकं. ओल्या केसांवर दोन्ही तळव्यांमध्ये बट धरून वरून खाली फिरवायचं, मग खालून मुठीत घेत वर दाबायचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती बनियनमध्ये टिपायचं. मुळाशी दोन-तीन बारीक चिमटे उभे लावून ठेवले की वाळेपर्यंत केस तिथे उचललेले राहतात. आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे मला सगळ्यात कठीण गेलं, कारण केसांवरून हात फिरवून किती राहिलेत ते चाचपायची मला सवयच लागली होती.

भांगाचं सांगायचं राहिलं. वीस वर्षं मधोमध सरळ रेघ, कंगव्याच्या टोकाने काढलेली. तुम्ही बोटाने नागमोडी भांग पाडलात, थोडा डावीकडे. आरसा दिलात. टाळू तेवढीच होती, केसही तेवढेच होते, पण ती पांढरी रेघ नाहीशी झाली होती. मी तुम्हाला काहीच बोलले नाही, नुसतं "बरं दिसतंय" म्हणाले. आज लिहिते: जिना उतरून खाली आले, गिरणीच्या दारात दळण घेऊन बसलेल्या बायकांपुढून गेले, आणि पदर खांद्यावरच होता.

आता आठवड्यातून दोनदा गुंता काढते. मधल्या दिवसांत कंगवा नाही. रबर टाकून दिले, कापडी सैल बंध वापरते. आईची एक रेशमी साडी घडीवर विरली होती, तिचे दोन अभ्रे शिवले. सुती अभ्र्यावर केस घासतात, रेशमावर घसरतात. पाडव्याला गजराही माळला, पण हलका, मानेजवळ खाली, डोक्यावर ओझं न देता. भांग अजून रुंदच आहे. कानशिलं भरली नाहीत, कदाचित भरणारही नाहीत. पण गेल्या महिन्यात तुमच्यासारखा नॅपकिन पसरून केस निवडले. ठिपक्याचे तीस-चाळीस होते. तुटलेले चार.

तो नॅपकिन मी तसाच घडी घालून ठेवला आहे, तुम्हाला दाखवायला. येत्या रविवारी लेकीला घेऊन येते. तिचे केस माझ्याहून कुरळे आहेत, तिचं डोकं दुखायचं म्हणून ती विंचरूच देत नव्हती आणि मी तिला आईसारखीच ओरडत होते. परवा तिच्या मागच्या दोन भागांचा गुंता मी काढला. पुढचे दोन तुम्ही काढा, मी शेजारी उभी राहून बघते. आणि या वेळी दीड तासाचे पैसे घ्यायचे, ताई. आणलेले परत नेणार नाही.

तुमची,
माडीवरची ती शाळेतली मॅडम