आई, तू पाण्यात उतरलीस

म्हापसा, २५ जून

ती. आई-बाबांस,
बायचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल सांजांव झालं, सेंट जॉनचा सण. मागच्या वाड्यावरची पोरं माथ्यावर फुलापानांचं कोपेल घालून पावसात घुमटाच्या तालावर फिरत होती आणि दिसेल त्या विहिरीत उड्या मारत होती. आपली दोघं खिडकीला चिकटून बघत बसली. मधेच धाकटीने विचारलं, "आजी मारील का गं अशी उडी?" थोरला लगेच म्हणाला, "मारील. तिला येतं." उन्हाळ्याआधी या घरात हा प्रश्न कुणी विचारला नसता आणि असं उत्तरही कुणी दिलं नसतं. म्हणून आज पत्र लिहायला बसले. फोन रोजच होतो, पण त्यात तुमच्या गोळ्या, पाऊस आणि वीज गेली होती का, एवढ्यातच वेळ सरतो. यंदाच्या उन्हाळ्याबद्दल मला निवांत, सविस्तर लिहायचं होतं.

बाबा, आधी तुमच्याबद्दल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर तुम्ही दोघं इथे राहायला आलात, मुलांना मे महिन्याची सुट्टी लागली आणि आमचं वॉटरपार्कला जाणं सुरू झालं. पहिल्यांदा निघताना तुम्ही विचारलंत, "दर्या असताना पैसे मोजून पाण्यात कोण जातं?" आणि गाडीत बसल्यावर तुमच्या मनातली खरी शंका बाहेर आली. मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर लोक टँकरची वाट बघत असतात, आणि इथे घसरगुंड्यांवरून एवढं पाणी दिवसभर सोडतात, ते जातं कुठे? हा प्रश्न मला फार आवडला. ज्याची सारी नोकरी ओपाच्या पाणी प्रकल्पावर गेली, त्यानेच तो विचारावा. आम्ही तिकिटं काढत होतो तेव्हा तुम्ही गेटवरच्या माणसाला विचारत होता, "फिल्टर खंय आसात?"

पुढच्या एका खेपेला तिथल्या ऑपरेटरने तुम्हाला पंपघरात नेलं. तुम्ही दोघं तिथे किती वेळ बोलत होता कोण जाणे, मुलांची जेवायची वेळ झाली तरी तुमचा पत्ता नव्हता. बाहेर आलात ते मुलांना कागदावर आकृती काढून दाखवतच. पाणी एकच असतं. घसरगुंडीवरून खालच्या तलावात येतं, तिथून वाळूच्या फिल्टरमधून जातं, क्लोरीन घेतं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. नवीन पाणी घालावं लागतं ते उन्हाने उडालेलं, अंगाबरोबर बाहेर सांडलेलं आणि फिल्टर उलट धुताना गेलेलं भरून काढायला. ओपाला तुम्ही हेच फिल्टर धुताना मी लहानपणी पाहिले आहेत. पावसाळ्यात नदी तांबडी झाली की तुरटीचा डोस वाढवायचा आणि फिल्टर पुन्हा पुन्हा धुवायचे. त्या दिवसांत तुम्ही रात्री-अपरात्री घरी यायचात. थोरल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आजोबा 'पाणी खात्यात' होते, एवढंच त्याला माहीत होतं. १९५७ पासून ओपाहून पणजीला पाणी जातं आणि त्यातली कितीतरी वर्षं ते पाणी त्याच्या आजोबांनी तपासून सोडलं, हे त्याला पोहायच्या चड्डीवर, ओल्या केसांनी, त्या पंपघराच्या दाराशी कळलं.

तुम्ही त्याला सांगितलेलं तो अजून सगळ्यांना ऐकवतो. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तो क्लोरीन जास्त झाल्यामुळेच असं नाही. घाम, मूत, अंगाचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं, त्याचा तो वास. म्हणून पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायचा असतो, तो नियम उगाच नाही. तलावात क्लोरीन एक ते तीन पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक ते तीन भाग, ठेवतात, आणि आपल्या नळाच्या पाण्यात ०.२ उरला तरी पुरतो. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं आणि त्या पिवळ्यावरून तुम्ही आकडा सांगायचात, हे ऐकून त्याचे डोळे केवढे झाले होते! सुती कपडे का चालत नाहीत, तेही आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. सुताचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, आणि भिजलेलं सूत अंगाला चिकटून जड होतं, ते घसरगुंडीवर अडतं.

दर्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच दिलंत, आणि ते मला पटलं. तुमच्या लहानपणी पोहणं म्हणजे नदी, तळी नाहीतर व्हाळ. आता दर पावसाळ्यात कलेक्टरला हुकूम काढावा लागतो, धबधब्यांवर जाऊ नका, चिऱ्यांच्या खाणींत साचलेल्या पाण्यात उतरू नका, आणि तरी वर्तमानपत्रात बुडाल्याच्या बातम्या येतच राहतात. खाणीतलं पाणी काठापासूनच खोल असतं, पाय टेकायला जागा मिळत नाही. किनाऱ्यावर २००८ पासून 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक आले, लाल-पिवळे बावटे आले, पण बावट्याकडे बघायचं असतं हे मुलांना आधी कुणीतरी शिकवावं लागतं. तुम्ही म्हणालात, "पाण्याची भीती मोडायला हवी आणि पाण्याचा धाकही राहायला हवा. हे दोन्ही उथळ पाण्यातच शिकवता येतं." वरच्या मोठ्या घसरगुंडीपाशी चार फुटांची खूण आहे. धाकटी तिथे चवड्यांवर उभी राहायची आणि तुम्ही दर खेपेला तिला शांतपणे खाली टेकायला लावायचात. ती एकदाही रुसली नाही. माझ्यावर रुसली असती.

आता आई, तुझ्याबद्दल.

माझ्या डोळ्यांसमोर तू पाण्याच्या काठावर असतेस. आपण केसरव्हाळच्या झरीवर जायचो तेव्हा बाबा आम्हाला धारेखाली धरायचे आणि तू दगडावर पंचे, सुके कपडे, खोबरेल तेल आणि चिवड्याचा डबा घेऊन बसलेली असायचीस. हरवळ्याला तसंच, मिरामारला तसंच. लाट पायाला लागली की तू साडी घोट्यापर्यंत उचलून मागे सरायचीस. तुला पाणी आवडत नाही असंच मी धरून चालले होते. कुणी विचारलंही नाही आणि तूही बोलली नाहीस.

यंदाही तू पिशव्या सांभाळायलाच आली होतीस. पहिले काही रविवार तू छत्रीखाली बसलीस, बाबांच्या डोळ्यांत थेंब घातलेस, मुलांची अंगं पुसलीस. मग गुडघ्यांचं निघालं. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं की कंबरभर पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो, म्हणून पाण्यात चालायचा व्यायाम करून बघा. तुला पटवायला तेवढं निमित्त पुरलं. शुक्रवारच्या बाजारातून आपण लांब बाह्यांचा नायलॉनचा पोशाख आणला, काळी लेगिंग्ज आणली. "ह्या वयात लोक किदें म्हणटले?" असं तू वाटेत तीनदा विचारलंस आणि तरी पिशवी घट्ट धरून चाललीस. ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

त्या संथ वाहणाऱ्या कालव्यात तू पहिलं पाऊल टाकलंस आणि "उदक थंड आसा गो!" म्हणून माझा दंड धरलास. कालव्याचं पाणी पंपाच्या जोराने पुढे जात असतं, तेच माणसाला हलकेच ढकलतं. आपण हात धरून एक फेरी चाललो. दुसऱ्या फेरीत तू माझा हात सोडलास. नंतर मोठ्यांच्या तलावात, छातीइतक्या पाण्यात, मी धाकटीची फ्लोट नीट करायला वळले आणि पुन्हा बघते तर तू उताणी तरंगत होतीस. हात पसरलेले, कान पाण्यात, डोळे मिटलेले. जीवरक्षक मुलगा धावत काठावर आला. तू मान जराशी वळवून त्याला म्हणालीस, "म्हाका पेंवपाक येता, पुता." आणि पालथी होऊन पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेलीस. बाबा काळा चष्मा लावून खुर्चीतून उठून उभे राहिले होते. बाबा, इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हालाही हे ठाऊक नव्हतं, हे तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

परतताना गाडीत तू सगळं सांगितलंस. सोनाळला, म्हादईच्या कोंडीत, मामाने तुझ्या कंबरेला दोन सुके असोले नारळ बांधून तुला पोहायला शिकवलं. मग एक नारळ काढला, मग दुसरा. भातं कापून झाली, नदीचा जोर ओसरला की तुम्ही सगळी भावंडं दुपारभर पाण्यात असायचात, आणि आजी काठावरून हाका मारून दमायची. मग लग्न होऊन खांडेपारला आलीस. नदी इथेही होती, घरापासून चालत जाण्याइतकी. पण सून नदीवर जायची ती कपडे धुवायला. पुढे आम्ही झालो, घरात नळ आला, मग कपडे धुवायलाही जावं लागलं नाही. तू हे सगळं अगदी सरळ सांगत होतीस, कुणाबद्दल तक्रार नव्हती. मला मात्र गाडी चालवताना रस्ता दिसेना, म्हणून मी शिवोलीच्या फाट्यावर चहाच्या निमित्ताने थांबले. कारण आता लिहिते. काठावर पंचा घेऊन बसलेली माझी आई आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली पोहणारी होती आणि आमच्यापैकी कुणी बुडू लागलं असतं तर तिने क्षणात उडी घेतली असती. ती तिथे त्यासाठीच बसत होती. आम्हाला वाटायचं कपडे राखायला बसते.

बाबा त्यावर एवढंच म्हणाले की दूधसागरचं पाणी खांडेपारच्या नदीतून ओपाला येतं, आणि ती नदी पुढे म्हादईलाच मिळते. आणि मग बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतरचे सगळे रविवार तुझे झाले. थोरल्याला तू उताणं तरंगायला शिकवलंस. "पोट वर, हनुवटी वर, मान सैल सोड, पाणी धरतं आपल्याला." मी त्याला क्लासला घातला होता, पण तिथे महिनाभर न जमलेली ती मान तुझ्या तळहातावर सैल झाली. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून पार्किंगमध्ये डिकी उघडून आपण मानकुराद आंबे खायचो. पाण्यातून निघाल्यावर लागते तशी भूक दुसरी नाही. ओल्या केसांनी, बोटांवर सुरकुत्या पडलेल्या हातांनी, कोपरापर्यंत रस ओघळत. तुमच्या जावयांनी त्याचे फोटो काढून ठेवलेत, पुढच्या खेपेला दाखवतो. त्यात तू केस मोकळे सोडून हसते आहेस. तसा तुझा फोटो आपल्या घरातल्या एकाही आल्बममध्ये नाही.

मृगाचा पाऊस आला, शाळा उघडली, तुम्ही घरी परतलात. तेव्हापासून मला एकच काळजी आहे. गुडघे पुन्हा आखडतील, खांडेपारला तलाव नाही, आणि तू "बरं आहे" म्हणत राहशील. म्हणून मी पणजीला कांपालच्या तरणतलावावर चौकशी करणार आहे. ऑफिसपासून ते जवळ आहे. महिन्यातून काही दिवस माझ्याकडे येऊन राहायचं, सकाळी माझ्याबरोबर पणजीला यायचं, पोहायचं, आणि मग तुझ्या बहिणीकडे जेवायला जायचं. नाही म्हणू नकोस. व्यायामापुरतं नको, तुला आवडतं म्हणून यायचं. बाबा, तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना या तपासणीला विचारून घ्या, पाण्यात कधीपासून उतरता येईल ते. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीही खुर्चीत बसायचं नाही.

थोरला उस्त्याहून सोनाळपर्यंत पावसाळ्यात राफ्टिंग चालतं हे कुठूनतरी वाचून आला आहे आणि आजीच्या कोंडीवरून जायचं म्हणतो. त्याला अजून वय भरायचं आहे. तोवर मामाकडे जाऊन कोंड काठावरूनच दाखवू, पाऊस उतरल्यावर.

त्याआधी आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला आहे. देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलात लोळायची परवानगी धाकटीने आजोबांकडून घेतली आहे असं ती सांगते. खरं असेल तर एकादशीलाच रात्री आम्ही खांडेपारला मुक्कामाला येऊ. न्हाणीघरात जुने पंचे काढून ठेवा आणि मुलांना अंगाला लावायला खोबरेल तेलाची बाटली. आई, उपासाचं फार करत बसू नकोस, वरी आणि दाण्याची आमटी पुरे. तुझा तो नायलॉनचा पोशाख माझ्याकडेच राहिला होता, धुऊन ठेवला आहे. येताना घेऊन येते.

तुमची,
बाय