आपली विहीर कुठल्या अंगाला होती?

बोरिवली (पश्चिम),
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू हसलास ते मी विसरलेलो नाही. "बोरिवलीला कसला आलाय इतिहास? बोरिवली म्हणजे स्लो लोकलचं शेवटचं स्टेशन!" असं म्हणालास आणि वर वहिनींनाही ऐकवलंस. कोथरूडला जाऊन तीस वर्षं झाली की माणूस असाच बोलायला लागतो. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नेहमीप्रमाणे फोन ठेवल्यावर सुचलं. तुमचा शनिवारवाडा १७३२ सालचा. आमच्या कान्हेरीच्या डोंगरात त्याच्या दीड हजारांवर वर्षं आधी भिक्षू राहत होते आणि कातळात टाकी खोदून पावसाचं पाणी साठवत होते. घे.

पण हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. तुझ्याकडे काम आहे. ते शेवटी सांगतो. आधी आमच्या स्थानिक इतिहासाच्या मंडळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर काम ऐकून तू पुन्हा हसशील.

मंडळ म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला शाळेच्या एका वर्गात जमणारी दहा-बारा माणसं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ४३ आहेत, पण ती मंडळी फक्त 'सुप्रभात' पाठवायला. बाक चौथीच्या मुलांचे, त्यामुळे बसलं की गुडघे हनुवटीला टेकतात. वर्षाची वर्गणी ३०० रुपये, त्यातली निम्मी चहा-बिस्किटांत जाते. मंडळाची रीतसर नोंदणी करावी की नाही, यावर दोन वर्षं चर्चा चालू आहे आणि आणखी दोन वर्षं सुखाने चालेल असं दिसतं. अध्यक्ष नाही. इतिहासाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. त्या रागावल्या की सभा आपोआप शिस्तीत येते.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक मोटरमन काका आहेत. त्यांना मी तुझा तो विनोद सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, तुमच्या मित्राला सांगा, १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेला पहिली गाडी सुटली, तेव्हा बोरिवलीचं नाव 'बेरेवला' असं लिहीत. गोरेगावचं 'पहाडी', अंधेरीचं 'अंदारू', दादरचं 'दादरी'. दिवसाला जाऊन-येऊन एकच गाडी. पुढे ५ जानेवारी १९२८ ला विजेची गाडी सुरू झाली, तीही कुलाबा ते बोरिवली. म्हणजे शेवटचं स्टेशन असण्याचा हा मान तेव्हापासूनचा आहे, आणि तो आम्ही अभिमानाने मिरवतो. मुंबई महापालिकेत आपण आलो ते १९५७ साली. त्याआधी आपण ठाणे जिल्हेवाले. माझ्या वडिलांना जागेच्या कागदांसाठी ठाण्याला खेटे का घालावे लागले, हे मला आत्ता, सहासष्टाव्या वर्षी कळलं.

एक गंमत सांगतो. गावांची जुनी नावं टिकावीत म्हणून मंडळाने वर्षभर खल केला. पाट्या लावू, पत्रक काढू, नगरसेवकांना भेटू. त्यातलं काहीच झालं नाही. आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये मेट्रो सुरू झाली, तर स्टेशनांना नावं काय? एक्सर, मंडपेश्वर, कांदरपाडा, शिंपोली, डहाणूकरवाडी. हायवेच्या बाजूला ओवरीपाडा, देवीपाडा, मागाठाणे, पोईसर, आकुर्ली, कुरार. जी नावं रिक्षावाल्याला सांगितली तर "कोणती सोसायटी?" असं विचारायचा, ती आता गाडीत मराठी-हिंदी-इंग्रजीत घोषणा होऊन ऐकू येतात. बाई म्हणाल्या, "आपण बसा चर्चा करत." मागाठाणे तर बघ, कान्हेरीच्या एका शिलालेखात दान दिलेल्या जमिनीसंदर्भात 'मगलठाण' असा उल्लेख आहे; ते हेच, असं अभ्यासक मानतात. त्या नावाच्या फलाटावर उभं राहून पोरं कानात बोंडकं घालून गाणी ऐकतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं.

एक्सरचे वीरगळ तू पाहिले नाहीस. मीही पन्नास वर्षं इथे राहून पाहिले नव्हते, दहा मिनिटांच्या अंतरावर असून. १८८२ च्या ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये तिथे सहा शिळांची नोंद आहे, त्यांतल्या मोठ्या सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद. लढाईत पडलेल्या वीरांची ही स्मारकं. खालच्या पट्टीत युद्ध, वर अप्सरा वीराला नेतायत, त्याच्या वर शिवपूजा, माथ्यावर कलश. यांतल्या काहींवर चक्क गलबतं कोरली आहेत, दोन्ही अंगांना वल्ह्यांच्या रांगा असलेली. ठाण्याचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमाराला जी लढाई झाली, तिचंच हे चित्र असावं, असं काही अभ्यासकांचं मत आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री, त्याच्या प्रशस्तीत म्हटलंय की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्रात बुडणं परवडलं. विचार कर, आपण ज्या रस्त्याने क्रिकेटच्या मॅचला जायचो, त्याच्या बाजूला एका राजाचं बुडणं दगडात उभं होतं (असलंच तर, बाई हा 'असलंच तर' विसरू देत नाहीत). आजूबाजूचे लोक त्यांना देव मानून पूजा करतात. आमच्यातल्या एका उत्साही सभासदाने "हे देव नाहीत हो" असं एका आजींना सांगून पाहिलं. आजी म्हणाल्या, "मग एवढी वर्षं कोणी सांभाळले?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

आता माझी फजिती. गेल्या हिवाळ्यात मंडळाची वारसा फेरी होती, पंचवीस माणसं, पुढे मी. गावठाणाच्या कडेला एक घडीव दगडांची विहीर आहे. मी हात उंचावून म्हणालो, "ही पाहा, पोर्तुगीज काळातली विहीर!" १५३४ पासून साष्टी, म्हणजे आपलं हे बेट, पोर्तुगीजांकडे होती, मंडपेश्वरच्या लेण्यावर त्यांच्या मठाचे अवशेष आहेत, मग विहीर कुणाची असणार? झाडून सगळ्यांनी फोटो काढले. तेवढ्यात वरच्या खिडकीतून बनियनमधले एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "ओ साहेब, ती माझ्या बापाने खणलीय! चाळीसेक सालात! दगड बैलगाडीने आणलेत!" पंचवीस माणसं एकदम हसली. पोर्तुगीज विहीर म्हणून मंडळात मला अजून चिडवतात.

पण फेरी संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, आणि खरं काम तिथे झालं. दोन तास बोलले. विहीर खणायला वडार कुठून आणले, खडक कितव्या हातावर लागला, रहाट कधी बसवला, भाजीची वाडी किती होती आणि ती कुठल्या साली कुणाला विकली, सगळं. फोनवर ध्वनिमुद्रण करून घेतलं. त्या दिवसापासून माझं स्पष्ट मत झालंय की या फेऱ्या-बिऱ्या म्हणजे सकाळचा फिरण्याचा व्यायाम. लोक येतात, सेल्फी काढतात, इडली खाऊन घरी जातात. गावठाणातले लोक वैतागतात तेही बरोबरच आहे. त्यांच्या ओट्यावर उभं राहून आपण त्यांनाच त्यांचं गाव समजावून सांगतो. त्यापेक्षा एका म्हाताऱ्या माणसापुढे गप्प बसावं. मला गप्प बसणं किती जमतं ते तुला माहीतच आहे.

त्यातूनच आमचं विहिरींचं काम सुरू झालं. बोरिवलीत कुठे कुठे विहिरी होत्या, त्यांची यादी करायची आणि नकाशावर मांडायची. मंडळात भूगोल शिकणारी एक मुलगी आहे. ती सिटी सर्व्हेचा जुना नकाशा संगणकावर आजच्या नकाशावर बसवते. मंदिराचा कोपरा, चर्चचा कोपरा, रेल्वेची रेघ असे न हललेले बिंदू जुळवायचे, की बाकीचं आपोआप बसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चिकूवाडीतल्या इमारतींच्या खालून शेताचे बांध वर आले!

आणि गावठाणातली आंटी. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातली. दर मे महिन्यात घरचा बॉटल मसाला कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरते. तिच्याकडे गेलं की पाव आणि काहीतरी झणझणीत पुढे येतंच. तिने पहिल्याच दिवशी आमची यादी बाद केली. "तुमी विहीर-विहीर काय करता? आमी बाव बोलतो," म्हणाली. आणि सगळ्या बावींची वर्गवारी तिने एका वाक्यात करून दिली: डाळ शिजते ती बाव आणि डाळ न शिजणारी बाव. खाडीकडच्या विहिरींचं पाणी मचूळ, त्यात डाळ तासभर उकळली तरी दाणा तसाच. म्हणून डाळीचं पाणी लांबून आणायचं आणि धुण्याभांड्याचं जवळचं. आमच्या तक्त्यात खोली, व्यास, बांधकाम असे रकाने होते. आता 'डाळ' असाही रकाना आहे. बाईंनी आधी नाक मुरडलं, मग स्वतःच्या हाताने तो आखला. आंटीच्या वाड्यापुढचा क्रॉस १८९६ च्या प्लेगातला, असं तिच्या घरात सांगत आलेत. मुंबईत असे क्रॉस पुष्कळ आहेत. त्यांचीही नोंद सुरू केलीय, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

कान्हेरीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तिथे टाक्यांवर कोरलेले लेख आहेत, आणि टाक्याला त्या प्राकृतात शब्द आहे 'पोढी'. कल्याणच्या एका सोनाराने दिलेली पाण्याची पोढी, असा लेख आजही वाचता येतो. त्या सोनाराचं नाव उरलं. आणि आपण ज्या विहिरीत पोहायला शिकलो ती कुणी खणली, हे सांगणारा एक माणूस मिळत नाही.

तर काम हे.

तुमच्या चाळीच्या मागची विहीर. ती बुजवली आणि त्या जागी टॉवर झाला, इथपर्यंत सगळ्यांना मान्य आहे. पण नेमकी कुठे होती? आंटी म्हणते टॉवरच्या पार्किंगखाली. बनियनवाले आजोबा म्हणतात, नाही, रस्त्यात गेली. मी म्हणतो बागेत घसरगुंडी आहे तिथे. जुन्या नकाशावर विहिरीच्या खुणा दोन आहेत, एकमेकींपासून शंभर-सव्वाशे फुटांवर, आणि आपली कुठली ते ठरत नाही. तू तिच्या दाराशी वाढलास. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची, उजवीकडे की डावीकडे? पायऱ्या कुठल्या अंगाला होत्या? सकाळी पाण्यात उतरायचो तेव्हा ऊन तोंडावर यायचं की पाठीवर? तुमच्याकडे डाळ त्या पाण्यात शिजायची का? (हे काकूंना विचारता आलं असतं. फार उशीर केला आपण.)

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. विहिरीच्या काठावर तुझी आई जिच्यावर धुणं धुवायची ती शिळा. तिच्यावर काहीतरी कोरलेलं होतं. मला आठवतं, आंटीलाही आठवतं, आणि दोघांचं जुळत नाही. मला काय आठवतं ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तो बाईंचा नियम आहे: साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. मी माझं चित्र कागदावर काढून, पाकीट चिकटवून बाईंच्या हवाली केलंय. आंटीनेही तिचं काढून दिलंय. तू तुझं काढ. चित्र वाईट आलं तरी चालेल. तुझी चित्रकला मला पाचवीपासून माहीत आहे. वर मी गलबतं आणि अप्सरा लिहून बसलोय, म्हणून तुझ्या शिळेवर लगेच गलबतं चढवू नकोस. आठवत नसेल तर कोरा कागद पाठव, तोही आम्ही नोंदवतो.

पोस्टाने पाठव, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर नको. मी उघडून बघेन आणि सगळं फुकट जाईल. पाकिटावर माझंच नाव घाल, पण आतलं पाकीट वेगळं चिकटव आणि त्यावर 'बाईंसाठी' एवढंच लिही. दुसऱ्या रविवारच्या आत मिळालं तर तिन्ही एकदम उघडू. तुझ्या वडिलांच्या ट्रंकेत चाळीच्या पूजेचे फोटो होते, ते सापडले तर मागची भिंत कुठल्या फोटोत आली आहे का तेवढं बघून ठेव.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?

तुझा,
बाकावरचा शेजारी