शिक्षा संपल्यानंतरचा तुरुंगवास

महोदय,

शिक्षा भोगून झालेल्या परदेशी कैद्याला मायदेशी परत पाठवणे न्याय्य आहे का, असे विचारले तर बहुतेक जण होकारच देतील आणि तत्त्वतः मलाही ते मान्य आहे. परकीय व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात १९५५ मध्येच सांगितले आहे. माझी तक्रार आहे ती शिक्षेचा शेवटचा दिवस आणि विमानात बसण्याचा दिवस यांच्यामधल्या काळाबद्दल.

मी शिवाजीनगर न्यायालयात वकिलांकडे कारकून म्हणून अनेक वर्षे काम केले. शिक्षणासाठी पुण्यात आलेला एक आफ्रिकी तरुण व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिला, पकडला गेला आणि त्याने गुन्हा कबूल करून झालेली शिक्षा पूर्ण भोगली. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारातूनच त्याला पोलीस ठाण्यात नेण्यात आले, कारण पारपत्राची मुदत संपलेली होती आणि दिल्लीतील दूतावासाकडून प्रवासाचा कागद आलेला नव्हता. पुढचे तीन महिने तो ठाण्यातल्या बाकड्यावर राहिला. उशाला प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दोन कपडे आणि पहिल्या वर्षाची गुणपत्रिका. एक हवालदार आपल्या डब्यातली पोळी-भाजी त्याला देत असत, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तुरुंगात त्याला सुटकेची तारीख ठाऊक होती. या बाकड्यावर मात्र ती त्याला कोणीच सांगू शकत नव्हते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये ‘नागरिक’ नव्हे, तर ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, त्यामुळे जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण परदेशी माणसालाही मिळते. मग न्यायाधीशांनी न दिलेले हे तीन महिने कोणत्या निकालाखाली गेले?

हाच अन्याय आपल्या माणसांवर होतो, तेव्हा तो आपल्याला लगेच कळतो. पालघर जिल्ह्यातील खलाशी गुजरातच्या बोटींवर मासेमारीला जातात, सागरी हद्दीपाशी पकडले जातात आणि शिक्षा संपूनही कराचीच्या मलीर तुरुंगात अडकून पडतात. भारत-पाकिस्तानमधील २००८ च्या करारानुसार राष्ट्रीयत्वाची खात्री पटून शिक्षा पूर्ण झाल्यावर एका महिन्यात कैद्याला परत पाठवायचे असते आणि दर १ जानेवारी व १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्याही एकमेकांना देतात. तो महिना पाळला जात नाही म्हणून आपण संतापतो, आणि ते योग्यच आहे.

येरवड्याच्या कारागृहात प्रत्येक कैद्याची सुटकेची तारीख, माफीचे दिवस धरून, आधीच मांडलेली असते. ती तारीख येण्यापूर्वी किमान सहा महिने कारागृहाने परकीय नागरिक नोंदणी विभागाला आणि दूतावासाला कागद पाठवावेत, राष्ट्रीयत्वाची पडताळणी कैदी आत असतानाच पूर्ण व्हावी आणि दुसरा खटला प्रलंबित असेल, तर त्या न्यायालयाची परवानगीही त्याच काळात मिळवावी. ज्याची पत्नी-मुले भारतीय आहेत, त्याला घालवण्याचा आदेश निघण्यापूर्वी त्या कुटुंबाचे म्हणणे लेखी नोंदवून घ्यावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे आणि ते लवकर निघावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त वकील-कारकून, विश्रांतवाडी, पुणे