बाबांच्या शस्त्रक्रियेविषयी

पुणे

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबांचे अहवाल मी येथील मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवले. कर्करोग प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेर पसरलेला दिसत नाही; त्यामुळे काही आठवडे विचार करण्यास हरकत नाही, असे ते म्हणाले.

बाबा, रोबोटच्या साहाय्याने प्रोस्टेट ग्रंथी काढण्याविषयी "पोटात यंत्र हात घालणार" ही तुमची धास्ती मला समजते. पण ते यंत्र आपणहून काहीच करत नाही. शल्यविशारद त्याच खोलीत थोड्या अंतरावर बसून आतले दृश्य कितीतरी मोठे करून पाहतात, आणि त्यांची बोटे जशी हलतील तशीच बारीक छिद्रांतून आत गेलेली अवजारे हलतात. ग्रंथी काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग पुन्हा एकमेकांना शिवावे लागतात. त्या अरुंद जागेत हे टाके घालताना यंत्राचा खरा उपयोग होतो. तो सांधा भरून यावा म्हणूनच साधारण आठवडाभर लघवीची नळी ठेवतात; आई, ती पाहून तू घाबरू नकोस.

रक्त कमी जाते आणि रुग्ण लवकर घरी येतो, हे खरे. मात्र ब्रिस्बेन येथील चाचणीचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले, तर दोन वर्षांनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता या दोन्ही बाबतींत रोबोटची आणि उघडी (मोठा छेद घेऊन केलेली) शस्त्रक्रिया सारखीच ठरली. म्हणून केवळ रोबोटसाठी मुंबई गाठण्यापेक्षा, ही शस्त्रक्रिया सातत्याने करणारा अनुभवी हात कोठे आहे हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाल तेव्हा डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. त्यात संकोच कसला? किरणोपचाराविषयीही विचारा, कारण तोही योग्य पर्याय असू शकतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. रोबोटच्या शस्त्रक्रियेत डोके खाली करून बराच वेळ झोपवतात, त्याने डोळ्यांतला दाब वाढतो. तेव्हा तुमच्या काचबिंदूबद्दल भूलतज्ज्ञांना आधीच सांगायला हवे.

गणेश चवथीपूर्वी सारे उरकावे, हा हट्ट कृपया सोडा. नंतर काही आठवडे जड उचलता येत नाही, आणि तुम्ही गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर चढल्याशिवाय राहणार नाही, हे आईला आणि मला पुरते ठाऊक आहे. चवथ होऊ द्या. तारीख त्यानंतरची चालेल का, एवढे डॉक्टरांना विचारा. मी रजा काढून येतो.

आई, बाबांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव आणि मात्रा मला कळव. ती कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, तोपर्यंत चालू राहू दे.

तुमचा,
सुहास