एआय शिकवताय, पण कामाचं काय होतं ते कोण शिकवणार?

संपादक महोदय,

एआयचे कोर्स आता बघावं तिथे निघालेत, ऑनलाइन तर विचारूच नका, आणि सिलॅबस सगळीकडे जवळपास तोच, पायथन, मशीन लर्निंग, न्यूरल नेटवर्क आणि आता प्रॉम्प्ट कसा लिहायचा. ते शिकवावंच. पण हे सगळं ऑफिसात आल्यावर कोणाचं काम कमी होतं, कोणाचं वाढतं, पगार कोणाचा हलतो, चूक झाली तर जबाबदार कोण, यावर बहुतेक ठिकाणी एक लेक्चर पण नसतं.

विजेचं बघा ना. कारखान्यात वीज आली तेव्हा बऱ्याच मालकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली, बाकी मशीन फिरवणारे शाफ्ट तेच, पट्टे तेच, मांडणी तीच, मग फायदा पण बेताचाच. प्रत्येक मशीनला वेगळी मोटर देऊन कामाच्या क्रमाने मांडणी करेपर्यंत कित्येक वर्षं गेली, अमेरिकेत उत्पादकता जोरात वाढली ती १९२० च्या दशकात. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये हाच दाखला कॉम्प्युटरला लावला, कारण तेव्हा प्रश्न हाच होता की कॉम्प्युटर सगळीकडे दिसतोय पण उत्पादकतेच्या आकड्यांत का दिसत नाही. आज जुन्याच पद्धतीवर चॅटबॉट चिकटवणाऱ्या कंपन्यांना हे कोणीतरी सांगायला हवं!

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या संशोधकांनी कस्टमर सपोर्टमधल्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास केला, २०२३ मध्ये तो आला. एआयच्या मदतीने तासाला होणारं काम सरासरी १४ टक्के वाढलं, पण नवख्यांचं खूपच जास्त आणि मुरलेल्यांचं जवळपास काहीच नाही. कारण बहुधा हे, की ते एआय टूल चांगल्या एजंटांच्या, म्हणजे तिथल्याच मुरलेल्या लोकांच्या बोलण्यावरून शिकलेलं. म्हणजे एकाचा अनुभव दुसऱ्याच्या स्क्रीनवर गेला, मग त्या अनुभवी माणसाला त्याचे पैसे कोण देणार? आणि उद्या कंपनी म्हणाली की नवीन पोरं घ्यायचीच नाहीत, एआय आहे की, तर दहा वर्षांनी मुरलेली माणसं आणणार कुठून? हे प्रश्न कोडिंगच्या सरांनी एकट्याने शिकवायचे नाहीत, अर्थशास्त्राच्या आणि मॅनेजमेंटच्या शिक्षकांनाही त्याच वर्गात बसवा.

प्रोजेक्टला मार्क देताना मॉडेल किती अचूक आहे एवढंच बघतात. ते बसवल्यावर कोणाचं कोणतं काम बदललं, त्या माणसाशी बोलून लिहा, असा एक प्रश्न टाका आणि त्याला निदान वीस मार्क ठेवा, कारण मार्क नसले तर पोरं ते पान उघडणारच नाहीत.

– एक वाचक