पोलंडच्या लेबलवर कॉटनचा 'घन' कशाला?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात सोलापूरच्या टॉवेल निर्यातीवर मोठी बातमी होती, सुताचे भाव, कंटेनरचं भाडं, डॉलर सगळं आलं त्यात, पण ज्याच्यावरून आमच्याकडं रोज डोकं फिरतं ते लेबल मात्र कुणाच्याच ध्यानात नसतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेबल आणि टॅगचं डीटीपी, म्हणजे छपाईआधीची कॉम्प्युटरवरची जुळणी करतो. पोलंडचा माल असला की लेबलवरची अक्षरं हमखास फिस्कटतात आणि त्यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर, "चालतंय की बे, तिथं कोण वाचतंय!"

तिथं वाचतात साहेब. युरोपियन युनियनचा २०११ चा १००७ नंबरचा नियम आहे, कापडात कुठला धागा किती टक्के ते लेबलवर द्यायचं आणि ज्या देशात माल विकणार तिथल्या अधिकृत भाषेत द्यायचं. म्हणजे नुसतं इंग्रजीत कॉटन छापून भागत नाही, पोलिशमधला शब्द लागतो, आणि त्या शब्दात नेमका एक असा एल आहे की ज्याच्या पोटातून तिरकी रेघ जाते. आपल्याकडच्या लेबलवर त्या एलच्या जागी काय येतं, तर वर चढवलेला बारका तीन, गणितात घन लिहितो ना आपण, तसला. कॉटनचा घन! आणि पत्त्यात पोलंडचं वुच (Łódź) शहर असलं तर बघायलाच नको. गिरण्यांचं जुनं शहर ते, आपल्यासारखंच, नाव चार अक्षरांचं आणि त्यातल्या तीन अक्षरांना खुणा, ते छापून येतं तेव्हा सुरुवातीला ब्रिटिश पौंडाचं चिन्ह आणि शेवटी डोक्यावर दोन टिंबं असलेला वाय.

आता हे होतं कशामुळं, तर कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, नंबर साठवतो. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणजे एकूण २५६ नंबर, ते सगळ्या जगाला पुरणार कसे, म्हणून प्रत्येक भागाला वेगळा तक्ता केला. पोलंडकडचा विंडोज १२५०, पश्चिम युरोपचा १२५२, आणि आपल्याकडचे इंग्रजी विंडोजवाले कॉम्प्युटर सहसा हा दुसरा धरून चालतात. १७९ नंबर पहिल्या तक्त्यात तो रेघवाला एल आहे, दुसऱ्यात बारका तीन. १६३ नंबर पहिल्यात त्याच एलचं कॅपिटल, दुसऱ्यात पौंड. फाइलमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, वाचताना तक्ता चुकीचा लागतो एवढंच. त्यात आणखी एक तिसरा तक्ता आहे, आयएसओ ८८५९-२, १२५० ची फाइल त्यानं वाचली की पोलिशच्या ९ खास अक्षरांपैकी सहा बरोबर दिसतात आणि तीनच चुकतात, त्यामुळं प्रूफ बघणाऱ्याला वाटतं झालं की सगळं ओके, आणि तसंच छपाईला जातं.

आपले लोक मात्र पहिल्यांदा फाँट बदलायला घेतात. हा फाँट लाव, तो लाव, नेटवरून नवीन उतरव. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! फाँटचा दोष असला तर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो, नाहीतर ते एकच अक्षर आजूबाजूच्यांपेक्षा जाड-बारीक दिसतं. भलतंच अक्षर आलं तर तो तक्त्याचा घोळ, आणि तो पूर्ण दुरुस्त होतो. प्रश्नचिन्ह आलं असेल तर मात्र मूळ अक्षर बहुतेक वेळा गेलंच, पार्टीकडून फाइल परत मागवावी, उगाच अंदाजानं भरू नये.

सगळ्यात जास्त सत्यानाश होतो तो एक्सेलमध्ये. पार्टी सीएसव्ही पाठवते, म्हणजे स्वल्पविराम टाकून रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल, आपला माणूस त्याच्यावर डबल क्लिक करतो, समोर कचरा दिसतो, आणि तो कचराच सेव्ह करून पुढं पाठवतो. त्यापेक्षा एक्सेल आधी उघडायचं, डेटा मेनूतून टेक्स्ट-सीएसव्ही आत घ्यायची, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे युटीएफ-८ (सगळ्या भाषांची अक्षरं एकत्र साठवायची युनिकोडची पद्धत) निवडायचं, तरी नीट दिसलं नाही तर १२५० लावून बघायचं. खाली प्रिव्ह्यू दिसतोच. एका अक्षराच्या जागी दोन-दोन भलतीच चिन्हं दिसत असली तर फाइल युटीएफ-८ आहे हे नक्की समजा. स्टिकर छापायचा थर्मल प्रिंटर असेल तर त्याच्या आत स्वतःचं कोडपेज, म्हणजे असाच अक्षरांचा तक्ता असतो, स्क्रीनवर छान दिसूनसुद्धा स्टिकरवर वाट लागते ती त्याच्यामुळं, तिथलं सेटिंग पण बदलावं लागतं.

आणि काही हुशार लोक खुणाच काढून टाकतात, साधा एल, साधा ए, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. टाइप करायचा कंटाळा म्हणून करत असतील तर विंडोजमध्ये पोलिश प्रोग्रामर्स नावाचा कीबोर्ड फुकट आहे, उजवा ऑल्ट धरून एल दाबला की रेघवाला एल येतो, एक्स दाबला की तिरकी खूण असलेला झेड. एका दुपारी हात बसतो.

ज्या सोलापुरात एकाच प्रेसमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू लग्नपत्रिका निघतात, उर्दूसुद्धा, तिथं ९ अक्षरं अडावीत याचं मला नवल वाटतं. खरं कारण बहुतेक हेच की आपण अजून जुन्या डीटीपी फाँटांच्या सवयीत अडकलोय, तिथं फाँट बदलला की भाषा बदलायची, म्हणून पोलिशलाही तेच औषध लावतो. युनिकोड १९९१ पासून आहे, प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर, तक्त्यांची भानगडच नाही. कारखानदार संघटनांनी आणि आयटीआयवाल्यांनी लेबल ऑपरेटरांना हे एकदा बसवून शिकवावं, आणि तुमच्या उद्योगाच्या पानावर अर्धा कॉलम याला द्यावा एवढी विनंती.

जाता जाता, हे पत्र युनिकोडमध्ये टाइप केलंय. तुमच्याकडं जुन्या फाँटात घेताना 'दुसऱ्या', 'वाचणाऱ्या' असल्या शब्दातला अर्धा र हमखास रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून सोबत पीडीएफ जोडलीय, छापायच्या आधी ताडून बघा.

आपला,
एक लेबलवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर