केक ३५० डिग्रीवर भाजा म्हणता, पण कोणती डिग्री?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी मॉइस्ट चॉकलेट केकची रेसिपी आली होती. फोटो एवढा भारी होता की आमच्या पोरांनी ते पान कापून फ्रिजवर लावलं अन् रोज शाळेतून आले की विचारायचे, मम्मी कधी करणार. शेवटी एका शनिवारी केला. त्याचं जे काय झालं ते सांगायला हे पत्र लिहितेय, रागावून नाही लिहित, पण छापलं तर बरं होईल, कारण माझ्यासारख्या अजून चार-पाच जणींचं तेच झालंय हे आमच्या भिशीत कळलं.

रेसिपीत लिहिलं होतं, ओव्हन ३५० डिग्रीवर गरम करून घ्या. आता आमच्या ओटीजीचं (विजेवरचा छोटा ओव्हन) बटण २५० वर संपतं. मी दोनदा चष्मा लावून बघितलं, पुढे आकडाच नाही. मग म्हटलं जाऊ दे, फुल करते, कमी पडलं तर दहा मिनिटं जास्त ठेवू. वीस मिनिटांत घरभर जळका वास. काढला तर वरून कोळसा, मधे भेग पडून डोंगर झालेला, अन् सुरी घातली तर आतून कच्चं पीठ ओघळलं. सासूबाई ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्या वास घेतच आत आल्या, टिनाकडे बघितलं अन् म्हणाल्या, "हे त जयलं वं माय, अन् आतून कच्चंच! जाय मोठा झाला तुह्या." (आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी ळ चा य होतो, जाय म्हणजे जाळ.)

त्यांनी ओटीजीला आयुष्यात हात लावलेला नाही पण रोग बरोबर ओळखला. कारण त्या खापरावर मांडे करतात. चुलीवर पालथं खापर, खाली पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) जाळ, अन् पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा अन् झटक्यात खापरावर टाकायचा. त्याआधी सासूबाई पाण्याचा एक शिंतोडा मारून बघतात. पाणी टाकल्याबरोबर उडून गेलं तर खापर जास्त तापलंय, दोन काड्या बाहेर ओढायच्या. नाहीतर मांडा वरून करपतो अन् आतलं पुरण गारच राहतं. माझ्या केकचं नेमकं तेच झालं होतं.

मग रात्री मुलीनं मोबाईलवर हिशोब करून दाखवला. ३५० म्हणजे फॅरनहाइट, अमेरिकेतली पद्धत, आपल्या सेल्सिअसमध्ये ते जेमतेम १७७ होतं. म्हणजे तुमच्या पानावर फक्त एक फॅ राहून गेला अन् इकडे माझा मैदा, साखर, कोको सगळं उकिरड्यावर. रेसिपी तिकडची आहे हे काही वाईट नाही हो, पण मराठीत आणताना आकडाही मराठी घरातल्या ओव्हनचा आणा ना.

दुसरं म्हणजे कप. एक कप मैदा, पाऊण कप साखर. कोणता कप? आमच्याकडे चहाचा कप दीडशे मिलीचासुद्धा नाही, पाहुण्यांचे वेगळे, रोजचे वेगळे. अमेरिकन कप २४० मिलीचा असतो, बाजारात मापाचे कप मिळतात त्यात काही २५० चे असतात. बरं कप एकच घेतला तरी भरायची तऱ्हा वेगळी. मी डिजिटल काट्यावर करून बघितलं, तोच २४० चा कप, चमच्यानं हळूहळू मैदा टाकून भरला तर १२२ ग्रॅम, डब्यात खुपसून काढला तर १३८, अन् वरून जरा दाबला तर १५१! पाव किलो मैद्याच्या केकमध्ये एवढा फरक पडला तर केक कोरडा होणार नाही तर काय. जळगाव सोन्याचं गाव, अंगठी घेताना आपण मिलीग्रॅमसाठी सोनाराशी भांडतो अन् मैदा मात्र अंदाजे कपानं. सोनार ऐकून हसेल.

आता मुद्द्याचं. मॉइस्ट म्हणजे ओलसर. आमच्या भिशीतल्या बायकांना वाटतं (मलापण वाटायचं) की दूध जास्त टाकलं की केक ओलसर होतो. नाही होत, गिच्च होतो, खाली खरवसासारखा थर बसतो. तो पहिला कोळसा धरून सात केक केले मी या महिन्यात, घरातले कंटाळले, शेजारीपाजारी वाटले, पण त्यातून एवढं कळलं की ओलावा टिकवतात तीन गोष्टी, तेल, साखर अन् वेळेवर बाहेर काढणं. बटर गार झालं की घट्ट होतं म्हणून बटरचा केक दुसऱ्या दिवशी दडस लागतो, तेल पातळच राहतं म्हणून तेलाचा केक मऊ लागतो. साखर नुसती गोडीला नसते, ती पाणी धरून ठेवते. आमच्या घरात शुगरचे पेशंट म्हणून मी एकदा साखर अर्धी केली, तो केक संध्याकाळपर्यंत टोस्ट झाला. त्यापेक्षा साखर पूर्ण टाका अन् तुकडा लहान खा.

अन् तेल म्हणजे आमच्याकडे घाण्यावरचं शेंगदाण्याचं असतं, ते टाकू नका बायांनो. मी टाकलं. चॉकलेट केकला ठेच्याचा वास आला, मिस्टर म्हणे सोबत भाकरी दे. सूर्यफुलाचं किंवा कुठलंही बिनवासाचं तेल घ्यायचं.

तुमच्या रेसिपीत लिहिलं होतं रूम टेंपरेचरचं बटर साखरेसोबत फेटा. साहेब, तुम्ही मे महिन्यात कधी रावेर-यावल पट्ट्यात आलात का? बाहेर ४५ असतं, पंख्याखाली पण ३८-३९. बटर ३२-३५ ला वितळतं. फेटून हवा धरायची तर ते १८-२० च्या आसपास हवं असतं, म्हणजे हात लावला तर खड्डा पडेल पण चमकणार नाही असं. आमच्या रूम टेंपरेचरला बटर ओट्यावर ठेवलं अन् फोन घ्यायला गेलं की त्याचं कढवलेलं तूप व्हायचंच बाकी असतं. अन् जानेवारीत थंडीची लाट आली की उलटं, तेच बटर दगड. म्हणून खान्देशात तेलाचाच केक बरा, त्यात फेटाफेटी पण नाही, उलट जास्त फेटलं की मैद्याला चिकाटी येते अन् केक रबरी होतो.

अजून एक गोष्ट जी कुठल्याच रेसिपीत नसते ती म्हणजे व्होल्टेज. आमच्याकडे शेतातल्या मोटरी चालू झाल्या की घरातलं व्होल्टेज पडतं, स्टॅबिलायझरच्या काट्यावर १८० दिसतं. मिस्टरांनी समजावलं की व्होल्टेज २३० चं १८० झालं तर उष्णता तेवढ्याच प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या (आकडा गुणिले तोच आकडा) हिशोबानं होते, म्हणजे १५०० वॅटचा ओटीजी जवळपास ९२० वॅटचाच उरतो. मग तो तापायला दहाऐवजी वीस मिनिटं घेतो, आपण घाई करून अर्धवट तापलेल्यात टिन ठेवतो, केक लवकर शिजत नाही म्हणून वेळ वाढवत नेतो अन् तेवढ्यात कडा वाळून जातात. आता मी मोटरी बंद असतात तेव्हाच केक लावते. अन् मधेच लाईट गेली तर दार उघडायचं नाही, आतल्या गरमीवर राहू द्यायचं. माझा एक केक असाच बसला, मधे खड्डा, पण खायला झकास होता, खड्ड्यात साय-साखर भरली.

कोकोबद्दल थोडं, कारण हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. बाजारात कोको पावडर दोन जातीची येते. साधी फिक्कट तपकिरी, ती जरा आंबट असते. दुसरी काळपट, तिला अल्कली लावून आंबटपणा काढलेला असतो, तिला डच म्हणतात कारण ती पद्धत नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटन घराण्याची. कोकोतलं फॅट दाबून काढायच्या प्रेसचं पेटंट त्यांनी १८२८ मध्ये घेतलं तेव्हापासून आपण ही पावडर खातोय. कामाची गोष्ट एवढीच की सोड्याला फुगायला आंबट लागतं. साधा कोको असेल तर तो थोडी मदत करतो, डच असेल तर दही किंवा व्हिनेगर पाहिजेच, नाहीतर सोडा तसाच पडून राहतो अन् केकला साबणासारखी चव येते. पाकिटावर अल्कलाइज्ड असं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, बघून घ्या.

आता माझं प्रमाण देते, ग्रॅममध्ये, सात इंची टिनाचं, बिनअंड्याचं कारण आमच्या देवघरवाल्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. मैदा १५० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, पिठीसाखर १८० ग्रॅम, खायचा सोडा ४ ग्रॅम म्हणजे पाऊण छोटा चमचा अन् चिमूटभर मीठ, हे सगळं दोनदा चाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात दही १२० ग्रॅम, तेल ८० मिली, व्हॅनिलाचे थेंब. कोकोचा वास उघडायला गरम पाणी लागतं, तर १५० मिली उकळतं पाणी, त्यात छोटा चमचाभर कॉफी (कॉफीची चव येत नाही, चॉकलेट गडद लागतं). दही-तेल कोरड्यात घालून हलकं मिसळायचं, शेवटी गरम पाणी. पीठ आमटीसारखं पातळ दिसतं, घाबरून मैदा वाढवू नका, मी वाढवला होता. लगेच टिनमध्ये अन् लगेच आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये, १७० सेल्सिअस, ३५ ते ४० मिनिटं. सोडा एकदा कामाला लागला की थांबत नाही, त्यामुळे पीठ कालवून मग टिन शोधत बसायचं नाही.

काढायचा कधी हे सगळ्यात महत्त्वाचं कारण चॉकलेट केक आधीच काळा, रंगावरून काही कळत नाही. तिसाव्या मिनिटाला काडी घालून बघा. ओलं पीठ लागलं तर अजून पाच मिनिटं. काडीला दोन-चार ओलसर कण चिकटले तर लगेच काढा. काडी कोरडी ठणठणीत आली म्हणजे तुम्हाला उशीर झालाय. तुमच्या रेसिपीत 'काडी स्वच्छ येईपर्यंत' असं होतं, अर्धे केक तिथंच वाळतात.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये होतो, खाली मिठाचा थर, वर रिंग, पाणी नाही, शिट्टी अन् झाकणाचं रबर दोन्ही काढलेलं, मंद गॅस. पण रोजचा वरणभाताचा कुकर असा कोरडा तापवून खराब करू नका, मी जुनं जाड बुडाचं पातेलं वापरते.

अन् एक आमच्या गावचं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, सगळीकडे कौतुक झालं, पण घरात साल काळी पडलेली दोन केळी असली की ती गुरांना जातात. तीच कुस्करून, वरच्या प्रमाणातलं अर्धं दही कमी करून टाका. केळ्यात साखर अन् ओलावा दोन्ही असतं, केक दोन दिवस मऊ राहतो, जरा जड होतो पण टिफिनला उत्तम. केळं अगदी गळलेलं पाहिजे, पिवळं धमक नाही चालत, त्याला तेवढी गोडी नसते.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत रेसिपी छापताना ग्रॅम अन् सेल्सिअस लिहा, अन् त्या ३५० ची दुरुस्ती छोट्या चौकटीत का होईना पण छापा. आमच्या फ्रिजवरच्या कात्रणावर मी पेननं १७७ करून ठेवलंय, पण बाकीच्यांच्या फ्रिजवर अजून ३५० च आहे.

आपली नेहमीची वाचक,
ता. यावल, जि. जळगाव

ता. क. सासूबाईंनी सातवा केक खाल्ला. म्हणाल्या बरा आहे, पण अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडेच करायचे.